क्लच घसरत होता तो रविवार

दसऱ्याला संध्याकाळी आम्ही चेंबूरला सोनं द्यायला निघालो आणि खाडीपुलाच्या चढावर आमची मोटारसायकल पहिल्यांदा रुसली. इंजिन मोठमोठ्याने ओरडत होतं, पण गाडी पुढे जात नव्हती. मागून आलेली भाजीची रिकामी हातगाडीसुद्धा आमच्या पुढे निघून गेली. हातगाडीवाल्याने वळून विचारलं, "साहेब, दोरी बांधू का?" हे हसले, पण माझ्या हाताखाली यांचा खांदा ताठ झालेला मला कळला.

मला गाडी चालवता येत नव्हती, आजही येत नाही. तरी त्या गाडीशी माझं नातं यांच्याइतकंच जवळचं होतं. वाशीत आमचं घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर. त्यात सासूबाई, सासरे, कॉलेजात जाणारी नणंद आणि आम्ही दोघं. आमच्या घरात कुणी वाईट नव्हतं, पण घरात केलेलं प्रत्येक बोलणं सगळ्यांचं होई. लग्नानंतरच्या त्या पहिल्या वर्षांत आम्ही दोघं एकमेकांशी जे काही खरं बोललो ते गाडीवर बोललो. मी मागे बसून यांच्या कानाशी बोलायची, हे मान किंचित वळवून उत्तर द्यायचे. मिठागरांच्या बाजूने, नव्या, रिकाम्या रस्त्यांवरून, कधी शिरवण्यापर्यंत, कधी बेलापूरपर्यंत. मी मुळात अबोल. पुस्तक हातात असलं की मला माणसांची गरज वाटत नसे. गाडीवर मात्र मी बडबडी होते, हे फक्त यांना माहीत होतं.

दसऱ्यानंतर गाडी रोजच घसरू लागली. सपाट रस्त्यावर कशीबशी चाले. पण टॉप गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटरला जरा पीळ दिला की आवाज वाढे, वेग वाढत नसे. यांनी आधी सोपं ते पाहिलं. क्लचची केबल ताणलेली राहिली तर क्लच पुरता धरत नाही, म्हणून तिला ढील दिली. हँडलशी हवा तेवढा सैलपणा आला, पण फरक काही पडला नाही. गॅरेजवाल्याने न उघडताच मान हलवली. "क्लच गेला, आतलं बाकी पण गेलं असेल. पूर्ण उतरवावं लागेल."

ते ऐकून सासऱ्यांनी निर्णय घेऊन टाकला. कांद्याचा एक व्यापारी त्यांच्या ओळखीचा होता. कांद्याचा बाजार नुकताच मुंबईहून वाशीत आलेला, आणि त्याला गावाकडच्या पुतण्यासाठी गाडी हवीच होती, दुरुस्ती तो तिकडे करून घेणार होता. "रविवारी पाच वाजता येतोय," सासरे जेवताना म्हणाले. "देऊन टाक. ऑफिसला बस आहे." यांनी वडिलांना आयुष्यात कधी उलट उत्तर दिलं नव्हतं. हे म्हणाले, "बरं." मी वाढत होते. माझ्या हातातला डाव भांड्यावर जरा जोरात आपटला एवढंच.

रविवारी सकाळी मी चहा घेऊन खाली गेले तर जिन्याखाली हे गोणपाट अंथरून बसले होते आणि गाडी आडवी कललेली होती.

"पाचच्या आत उघडून बघतो," हे हळूच म्हणाले. "नाही जमलं तर नाही. पण न बघता नाही द्यायची."

"मी काय करू?"

"तू बस इथे. कुठला स्क्रू कुठला ते लक्षात ठेव."

हे नकाशे काढणाऱ्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होते. बारीक, स्वच्छ रेघ ही यांची मोठी हौस. त्यामुळे मोटारसायकल उघडायला यांनी पाना-पकडीबरोबर आपली स्टीलची पट्टी, गुण्या आणि डिव्हायडरही आणला होता. ते बघून मला हसू आलं आणि त्या क्षणापासून मला ही सगळी गोष्ट एखाद्या रहस्यकथेसारखी वाटू लागली. वर्तमानपत्रावर मी स्क्रू मांडत गेले, ज्या आकारात ते निघाले त्याच आकारात.

तेल घमेल्यात उतरवलं. ते काळंभोर होतं.

"बघ, जळलंय," हे म्हणाले. "प्लेटी झिजल्या असणार."

झाकण निघालं, स्प्रिंगा निघाल्या आणि मग एकाआड एक प्लेटी बाहेर आल्या, एक कॉर्कची, एक पोलादी. यांनी मला समजावलं. या सगळ्या एकमेकींना घट्ट दाबून धरतात म्हणून इंजिनाची ताकद चाकाला मिळते. दाब कमी झाला, किंवा कॉर्क झिजली, किंवा पोलादी प्लेट वाकली, की पकड सुटते. तीनच शक्यता. एकेक तपासायची.

मी घरातून सासूबाईंचा आरसा आणला. पोलादी प्लेट काचेवर ठेवली की वाकलेली असेल तर खालून फट दिसते.

"अगं, त्यात मी कुंकू लावते!" सासूबाई गॅलरीतून ओरडल्या.

"आई, आज प्लेटींना लावू दे," हे म्हणाले.

एकाही प्लेटीखाली फट नव्हती. मग स्प्रिंगा. यांनी त्या ओळीने उभ्या केल्या आणि वर पट्टी आडवी ठेवली. पट्टी कुठेच डुगडुगली नाही. दुकानातून नवी एक स्प्रिंग आणि कॉर्कची एक नवी प्लेट आणली. स्प्रिंग शेजारी ठेवली, तीही तेवढीच. डिव्हायडरने कॉर्कच्या प्लेटीची जाडी घेतली, नव्या प्लेटीशी ताडली. झीज नावालाही नव्हती.

हे मागे टेकून बसले. "सगळं चांगलं आहे. मग घसरतंय का?"

हे गेल्यापासून मला यांचा चेहरा पुष्कळदा आठवतो, पण आजारपणातला नाही. हाच, गालावर काळा डाग असलेला, चक्रावलेला आणि मनातून खूश. समोर खरं कोडं असल्याचा आनंद यांना लपवता येत नसे. आणि त्या दिवशी तो मलाही लागला होता.

मी हात पुसत होते. रॉकेल लावलं, साबण लावला, तरी बोटांवरचा काळा थर जाईना. उन्हात धरला तर त्याला चंदेरी झाक होती. यांच्या मऊ पेन्सिलीचं शिसं बोटाला लागावं तशी. मी बोटं हुंगली.

"अहो, हे जळलेलं नाही. जळका वास कुठे आहे? आणि बघा ना, किती गुळगुळीत लागतंय. बोटावर बोट ठरत नाही."

यांनी घमेल्यात बोट बुडवलं. चोळलं. माझ्याकडे पाहिलं.

"हे आपलं तेलच नाही," हे म्हणाले.

"दसऱ्याला सकाळी तुम्ही झेंडू आणायला गेलात तेव्हा गाडी व्यवस्थित होती?"

"एकदम."

"आणि संध्याकाळी पुलावर घसरली. मधे गाडीला हात कोणी लावला?"

दोघांच्याही तोंडून एकच नाव निघालं. यांचा शिरवण्याचा मित्र, तुर्भ्याच्या कारखान्यात टर्नर. दसऱ्याला गाडी धुऊन, हार घालून ठेवली होती ती त्यानेच. दर रविवारी तो खाडीची मासळी घेऊन आमच्याकडे यायचा. त्या दिवशीही आला, हातात निवट्यांची पिशवी.

"काय दादा, पोट फारलंस काय गारीचं?" तो त्याच्या आगरी बोलीत म्हणाला.

"आधी सांग, दसऱ्याला हिच्यात तेल कुठलं घातलंस?"

त्याचा चेहरा उजळला. "कललं का तुला? आमचे कंपनीचं खास हाय! परदेशी मशिनीला घालतो तां. दसऱ्याला आमी जुना तेल कारतो, नवा घालतो, कोनाला सांगत नाय. सांगून केली तं सेवा कसली?"

"कसं आहे ते तेल?"

"एक नंबर! लोखंड लोखंडावर असा घसरतंय, जसा लोन्यावर."

आम्ही दोघं एकमेकांकडे बघून इतके हसलो की सासूबाई पुन्हा गॅलरीत आल्या. बिचाऱ्याला काही कळेना. मग यांनी प्लेटी दाखवल्या. लेथला जे घसरायला हवं तेच इथे घसरायला नको होतं. त्याने कपाळावर हात मारला.

"म्हंजे मी गारीला लोनी लावला! वहिनी, त्या निवट्या परत द्या. मना जेवायचा तोंड नाय."

"जेवायला आहे, काम करायला आहे का?" मी म्हणाले. मी परक्या माणसाशी असं बोलते याचं मलाच नवल वाटलं.

मग तिघांची धांदल उडाली. तो पेट्रोल पंपावरून साधं गिअरचं तेल आणायला सायकलवर पळाला. मी एकेक प्लेट रॉकेलमध्ये धुतली, फडक्याने पुसली, पुन्हा धुतली. कॉर्कवर हलका पॉलिशपेपर फिरवून त्या उन्हात मांडल्या, पापड वाळत घालावेत तशा. झाकणाखालचं पॅकिंग फाटलं होतं. रविवार, त्यामुळे दुकान दुपारी बंद झालं होतं. यांनी वरून ड्रॉइंगचा जाड कागद आणला, झाकण त्यावर ठेवून रेघ मारली आणि कात्रीने असं कापलं की एकेका स्क्रूचं भोक बरोबर जागेवर. त्या कागदाइतकं अभिमानाने यांनी एखादं नकाशाचं काम दाखवलेलं मला आठवत नाही. आतलं सगळं धुऊन काढायला थोडं नवं तेल एकदा घालून ओतून दिलं, मग भरलं.

शेवटचा स्क्रू बसला तेव्हा व्यापारी वळणावरून येताना दिसला. हे म्हणाले, "बस." मी पदर खोचला आणि बसले. त्याच्या समोरूनच आम्ही निघालो.

पुलाचा चढ लागला. यांनी मुद्दाम टॉप गिअर सोडला नाही. पीळ दिला. आवाज आणि वेग, दोन्ही बरोबर वाढले. गाडीने आम्हाला असं उचललं की मी यांच्या पाठीवर आपटले. "धरला! धरला!" हे ओरडत होते. खाली खाडी, बाजूला वारा, आणि मी, जिने शाळेच्या वर्गातही कधी आवाज चढवला नव्हता, यांच्याबरोबर ओरडत होते.

परत आलो तर व्यापारी खुर्चीवर बसून चहा पीत होता. सासरे म्हणाले, "फिरून बघितलीस ना? चावी दे आता यांना."

यांनी चावी खिशातून काढली, पण हात पुढे केला नाही. कान लाल झाले होते.

"बाबा, गाडी नको द्यायला. नीट झाली आहे."

"मी शब्द दिलाय."

"हो. पण..." हे थांबले. मग एका दमात म्हणाले, "आम्हाला बोलायला लागते ती."

नणंद पुस्तकाआड गेली. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला, पण त्यांचे खांदे हलत होते. सासऱ्यांनी वर्तमानपत्र उचललं, उलटं धरलंय हे लक्षात येऊन सुलटं केलं.

व्यापारीच आधी हसला. "द्या ठेवून काका. आमच्या घरात एवढी माणसं आहेत, मला तर बोलायला ट्रक घ्यावा लागेल."

सासरे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "यांना अजून चहा दे." आणि जरा वेळाने, तसंच पेपरात बघत, "जाणार असाल तर अंधार पडायच्या आत या."

आम्ही लगेच निघालो. त्या संध्याकाळी आम्ही बेलापूरपर्यंत गेलो आणि एक शब्दही बोललो नाही. नुसते हसत होतो.