‘कळवतो’ म्हणालेलं कॉलेज

आमच्या इथल्या मराठी ग्रुपमध्ये किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. सिंगापूरच्या फ्लॅटमध्ये सत्यनारायण असला की दाराबाहेर चपला जशा आपोआप साठतात, तसे ते साठतात. त्यातून घरात एखादा मुलगा अॅडमिशनच्या वयाचा असला, म्हणजे तर विचारूच नका! गेल्या डिसेंबरपासून मार्चपर्यंत तो मुलगा आमचाच होता. तेव्हा मला यातलं काहीसुद्धा गमतीचं वाटत नव्हतं.

*

आमचा ओजस. त्याला जहाजं डिझाइन करायची आहेत. त्यासाठी अमेरिकेतलं एकच कॉलेज त्याच्या मनात भरलं होतं, आणि तिथे त्याने लवकरच्या फेरीत अर्ज केला होता. डिसेंबरमध्ये एका सकाळी नाश्त्याच्या वेळी उत्तर आलं. ‘डिफर्ड.’ म्हणजे हो नाही आणि नाहीही नाही. तुमचा अर्ज बाजूला ठेवलाय, मार्चमध्ये सगळ्यांबरोबर परत बघू.

ओजस इथल्या मुलांसारखं म्हणाला, “ओके लाह,” आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. उपमा तसाच राहिला.

मी ग्रुपवर कळवलं. पुंगोलची माझी मैत्रीण मेधा बँकेत आहे, पण तिचा सगळा जीव लग्न जमवण्यात! तिचा लगेच फोन. “अगं, म्हणजे मुलीकडे पोहे खाऊन मुलाकडचे ‘कळवतो’ म्हणाले, तसंच की!”

आमच्या शेजारच्या ब्लॉकमधले कॅप्टन काका तेव्हा घरी आले होते. जन्मभर बोटीवर काढून निवृत्त झालेले. फोन स्पीकरवर होता. ते म्हणाले, “कळवतो म्हणजे नाही. सरळ अर्थ आहे.”

“काका, आमच्या ह्यांच्याकडचेसुद्धा ‘कळवतो’च म्हणाले होते,” मेधा म्हणाली. “नंतर दुसरीकडे चार मुली बघून आले, आणि मग कळवलं!”

त्यावर मी हसले. खोलीचं दार मात्र बंदच होतं.

*

शाळेच्या समुपदेशक बाईंनी सांगितलं, की आता कॉलेजला एक छोटं पत्र लिहायचं. मला अजूनही इथेच यायचंय, अर्ज केल्यानंतर मी हे हे नवीन केलं, एवढंच. रडायचं नाही, गळ घालायची नाही.

माझा नवरा श्रीकांत जुरोंग आयलंडवर एका केमिकल प्लांटमध्ये सेफ्टी बघतो. “पत्राचा मसुदा मी करतो,” तो म्हणाला. रोज सकाळी कंपनीच्या बसमध्ये बसून त्याने तो तयार केला आणि रविवारी मोठ्या अभिमानाने आमच्यापुढे ठेवला.

पहिली ओळ : घटना – प्रवेश न मिळणे. मग तात्कालिक कारण. मग मूळ कारण. मग घटना पुन्हा घडू नये म्हणून करायचे उपाय. प्रत्येक उपायापुढे जबाबदार व्यक्ती. जबाबदार व्यक्ती बहुतेक ठिकाणी मीच होते!

ओजसने शांतपणे शेवटपर्यंत वाचलं. “बाबा, धिस वन अॅडमिशन लाह. गॅस लीक नाही झालाय.”

“मूळ कारण कळल्याशिवाय सुधारणा कशी होणार?” श्रीकांत अडूनच बसला.

“मूळ कारण काय लिहिलंयस?” मी विचारलं.

“अर्जदाराने निबंध शेवटच्या दिवशी लिहिला.”

हे मात्र शंभर टक्के खरं होतं. शेवटी ओजसने स्वतःच पत्र लिहिलं, पानभरसुद्धा नाही, आणि आम्हाला न दाखवताच पाठवून दिलं. दाखवलं नाही म्हणून श्रीकांत दोन दिवस रुसून होता.

*

समुपदेशक बाई असंही म्हणाल्या, की शाळेबाहेरच्या कोणी ओजसचं काम जवळून पाहिलं असेल तर त्यांचं एक शिफारसपत्र जोडता येईल. ओजस आणि कॅप्टन काका दर शनिवारी आपल्या मराठी मुलांना लाकडाच्या बोटी करायला शिकवायचे. म्हणजे काकाच! जहाजांचा कोर्स आणि पत्र लिहिणारा कॅप्टन. मला तर वाटलं, आता काम झालंच.

काका शर्ट इन करून पत्र घेऊन आले. सुंदर इंग्रजी, ठसठशीत सही. मी वाचत गेले. ओजस कष्टाळू आहे, वक्तशीर आहे, हाताखालच्यांना सांभाळून घेतो. आणि शेवटचं वाक्य : ‘माझ्या हाताखाली असताना तो सर्व काळ पूर्णपणे शुद्धीत होता. कधीही मद्यप्राशन केलेला आढळला नाही.’

“काका!” मी ओरडलेच. “अहो, तो शाळकरी मुलगा आहे!”

“मग?” काकांना काही कळेना. “बोटीवरून उतरणाऱ्या प्रत्येकाला कॅप्टन हेच लिहून देतो. मी जन्मभर लिहीत आलो.”

“पण कॉलेजला कशाला ते?”

काका गंभीर झाले. “स्मिता, हे वाक्य नसलं ना, की पुढच्या बोटीचा कॅप्टन पहिला प्रश्न विचारतो, ‘ते का नाही लिहिलं?’”

अर्धा तास समजूत घातल्यावर त्यांनी ते वाक्य काढलं. पण जाताना दारात थांबून म्हणाले, “जोखीम तुमची हं!”

*

जानेवारीत मेधाकडे संक्रांतीचं हळदीकुंकू. मी चोआ चू कांगहून निघाले. पुंगोलला गाडी बदलून एलआरटीच्या छोट्या गाडीत बसले आणि फोन काढला. डिफर झालेल्या मुलांच्या आयांची एक चर्चा चालू होती, ती वाचत राहिले. कोणाच्या मुलाने नवीन बक्षीस मिळवलं होतं, कोणाचं संशोधन छापून आलं होतं. आमच्याने लाकडाच्या बोटी केल्या होत्या. वाचता वाचता मेधाचं स्टेशन गेलं. ती गाडी गोल फिरते, म्हणून बसून राहिले. दुसऱ्यांदाही गेलं!

पोचले तेव्हा सगळ्या माझीच वाट बघत होत्या. वाण हातात पडलं, तिळगूळ तोंडात गेला आणि सगळ्या मागे लागल्या, “नाव घे, नाव घे!” उखाणा मी घरून जुळवून आणला होता. झोकात सुरू केलं :

“पुंगोलच्या फ्लॅटमध्ये हळदीकुंकवाचा थाट...”

आणि पुढे श्रीकांतरावांच्या जागी माझ्या तोंडून चक्क त्या कॉलेजचं नाव आलं!

“...ची बघते मी वाट.”

मेधा म्हणाली, “अगं, नाव काय घेतेस! त्यांनी अजून होकार कुठे दिलाय?”

घर हसण्याने दणाणलं. मीही हसले, आणि हसता हसता मला एकदम रडूच आलं. मेधाने मला आतल्या खोलीत नेलं, तिच्या धाकट्याच्या छोट्याशा पलंगावर बसवलं आणि पाठीवरून हात फिरवत राहिली.

*

फेब्रुवारीत ओजस नॅशनल सर्व्हिसला, म्हणजे दोन वर्षांच्या सक्तीच्या सैनिकी सेवेला गेला. इथले परमनंट रेसिडेंट आम्ही, मुलाला ते चुकत नाही. कॉलेजात जागा मिळाली तर ती दोन वर्षं राखून ठेवायची आणि मग जायचं, असं ठरलं होतं. डोक्याचा चमनगोटा करून तो बेटावरच्या कॅम्पला गेला आणि घर अगदी सुनं झालं. त्याची ए लेव्हल, म्हणजे इथली बारावी, छान झाली होती, ते मार्क कॉलेजला पाठवले. आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मला सगळ्यात जास्त तेच जड गेलं.

“कॉलेजला एक फोन करून बघू का?” मी कॅप्टन काकांना विचारलं.

ते मला बसने पार समुद्रकिनाऱ्यावर घेऊन गेले आणि एका बाकावर बसवलं. समुद्रात नजर जाईल तिथपर्यंत जहाजं उभी होती. “ही सगळी धक्क्याला जागा मिळायची वाट बघतायत,” ते म्हणाले. “अशा वेळी कॅप्टनने इंजिन दुरुस्त करावं, रंगरंगोटी करावी, झोपावं. पोर्टवाल्यांना सारखं विचारू नये. विचारून जागा मिळत नाही.”

मला खरंच बरं वाटलं. किती शांत माणूस, असं मनात आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला बेल वाजली. दारात काका. “काही आलं का?”

त्यानंतर ते रोज येत राहिले!

*

मार्चच्या शेवटी एका गुरुवारी निकाल लागणार होता. ओजसने आधीच बजावलं होतं, “कॅम्पमध्ये मी बघणार नाही. शनिवारी घरी आलो की एकत्र बघू. पासवर्ड माझ्याकडेच राहील.” गुरुवार कसा गेला ते माझं मला माहीत. श्रीकांतने त्या दिवशी प्लांटवर हेल्मेट न घालता राउंड घेतला, तोही सेफ्टीवाला असून!

शनिवारी दुपारी मी सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं. काका येणार होते, मेधा मुलांना घेऊन येणार होती, श्रीखंडासाठी चक्का टांगला होता. शुक्रवारी संध्याकाळी कॅम्पमधून ओजसचा फोन आला. जेवणानंतर त्यांना थोडा वेळ फोन मिळतो.

“आई, उद्या काका आणि मेधामावशीला नको बोलावूस. आपण तिघंच बसू.”

“दमला असेल,” श्रीकांत म्हणाला. मलाही तसंच वाटलं. मी दोघांना फोन करून नाही म्हणून सांगितलं.

शनिवारी तो आला. काळवंडलेला, खांदे रुंद झालेले. एरवी आल्या आल्या बॅग टाकून झोपतो. त्या दिवशी नीट बसून जेवला. श्रीखंड छान झालंय म्हणाला, दोनदा वाढून घेतलं. स्वतःचं ताट घासलं, मग माझंही घासलं. बाबांना कॅम्पमधल्या सार्जंटच्या नकला करून दाखवल्या. श्रीकांत कितीतरी दिवसांनी पोटभर हसला.

टेबलावर लॅपटॉप ठेवला होता. मी म्हटलं, “बघायचं का आता?”

“आधी चहा घेऊ,” तो म्हणाला. स्वतः चहा पीत नाही, पण आत जाऊन आमच्यासाठी करून आणला. आमचे कप रिकामे होईपर्यंत इकडचं तिकडचं बोलत राहिला.

मग उठला. बाबांची खुर्ची उचलून माझ्या खुर्चीला लावली आणि त्यांना म्हणाला, “बाबा, तुम्ही इथे बसा, आईजवळ.” पुन्हा आत गेला, पाण्याचा पेला भरून आणला आणि माझ्या हातात दिला.

“आई, आधी पाणी पी.”

मी प्यायले. त्याने एक हात माझ्या पाठीवर ठेवला आणि दुसऱ्या हाताने, स्क्रीनकडे न बघता माझ्याकडेच बघत, पासवर्ड टाइप केला.