वाळवीने खाल्लेला रहाट

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरची शेवटची तपासणी झाली आणि मुंबईच्या डॉक्टरांनी बाबांना खुशाल सांगितलं, "आता तुम्हाला मुंगीसुद्धा दिसेल." मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. पण ऊन मी म्हणत होतं, तशा उन्हात वसईला निघायचं जिवावर आलेलं, आणि जवळच आधुनिक कलेचं म्युझियम होतं, एसीवालं. म्हटलं, तासभर गारव्याला बसू.

बाबांचा सारा जन्म केळी-पानवेलींच्या वाडीत गेलेला. एका हिरव्या चित्रावरचे तपकिरी ठिपके बघून ते थबकले. "करपा पडलाय," म्हणाले, "वेळेवर फवारलं नाही." शेजारी एक बाई त्याच चित्रापुढे डोळे मिटून उभ्या होत्या, त्या दचकल्या. मला हसू आवरेना.

पुढच्या दालनात शिरलो आणि हसू जागच्या जागी विरलं. मधोमध, दिव्यांच्या झोतात, आमचा रहाट!

आमच्या विहिरीवर पाणी उपसणारा, रेड्यामागे फिरत बाबांनी चालवलेला. पंप आल्यावर तो गोठ्यात पडून होता. बाबा आत्याकडे गेलेले असताना मी तो जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याला देऊन टाकला, आणि ते परतल्यावर तोंड पाडून सांगितलं, "वाळवीने पार पोखरला होता हो, जाळावा लागला." बाबा दोन दिवस नीट जेवले नाहीत. ते मला अजून खातं.

"बाबा, चला, तिकडे चहा मिळतो."

"थांब रे. रहाट आहे."

"केरळचा आहे," मी पाटी वाचल्यासारखं केलं. पाटी इंग्रजीत होती म्हणून बरं. एक खोटं पचलं की दुसऱ्याला कसली भीड!

बाबा वाकले. चाकाचा एकेक दात बघत गेले आणि एकापाशी थांबले. बाकी सगळे दात सागाचे, तो एकटा चिंचेचा. जुना मोडला तेव्हा बाबांनीच कोयत्याने तासून बसवलेला. डॉक्टर, भलं होवो तुमचं!

आता हे चारचौघांत माझी सालटी काढणार. पण त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पहाऱ्यावरच्या माणसाला विचारलं, "काय हो, याला वाळवी-बिळवी?"

"छे हो आजोबा! कडक माल आहे. अजून शंभर वर्षं काही होत नाही याला."

"असं? बरं झालं," बाबा म्हणाले आणि त्या दातावरून हळूच हात फिरवला. हात लावायला बंदी होती. पण तो माणूस दुसरीकडे बघत राहिला.

संध्याकाळी घरी पोचलो. आईने दार उघडत विचारलं, "काय म्हणाले डॉक्टर?"

"नजर एकदम साफ," चपला काढत बाबा म्हणाले. "आपला रहाट भेटला गं, धडधाकट आहे. वाळवी मात्र घरातच निघाली. दमलीय बिचारी, तिला जरा चहा टाक."