मावशीचा लोकसभेतला प्रश्न

अक्षर लागत नसेल तर माफ करा. माझी शाळा चौथीत सुटली. ऱ्हस्व-दीर्घ तेव्हाच नीट येत नव्हतं आणि आता विचारायला कोणी नाही. मुलीच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी होती, त्यांवर लिहिते आहे. कोणाला दाखवायचं नाही. पण मावशीबद्दल जे तोंडानं कधी बोलता आलं नाही, ते कुठंतरी ठेवायला हवं.

सुरतेत लिंबायतच्या आमच्या गल्लीत तिला सगळे केसवाली मावशी म्हणत. नव्या माणसाला वाटे, ही केसांवर भांडी देणारी बाई असेल. पण मावशीचे केस वेगळे. कुटुंब नियोजनाच्या ऑपरेशनला ती बायका घेऊन जायची आणि दवाखान्याच्या भाषेत अशी प्रत्येक बाई म्हणजे एक केस. एका केसमागे तिला थोडे पैसे मिळत. विधवा बाई, खानदेशातून आलेली, त्यावर तिचं चाले.

गल्लीतल्या प्रत्येकीची पाळीची तारीख तिला तोंडपाठ असायची आणि ती तारीख ती नळावर, सगळ्यांसमोर, मोठ्यानं सांगायची. "का गं, तुझी चार तारखेला होती ना? आज अकरा झाली, अजून डोक्यावरून न्हाली नाहीस!" मी लाजून हंडा अर्धा भरलेलाच उचलून पळायची. मागून तिचं हसणं यायचं. "पळ, पळ! पोट काय पळून जाणार आहे का?" बाकीच्या बायका चिडत, पण अडलेल्या वेळी तिच्याच दारात जात. माझ्या बाळंतपणात ती रात्रंदिवस माझ्याजवळ होती. माझी आई गावाला, सासू नाही. मुलीला पहिलं पाणी तिनंच घातलं. माझ्या नवऱ्याला ती जवाई म्हणायची, आणि कोणाचं न ऐकणारा तो माणूस तिच्यासमोर विडी लपवायचा.

मुलगी वर्षाची झाली तेव्हा मावशी म्हणाली, "आता तीन-चार वर्षं अंगाला विसावा दे. तांबी बसवून घे. पाहिजे तेव्हा काढता येते." मी घाबरले. ती घरातल्या अहिराणीत म्हणाली, "काबरं घाबरस व माय? मी शे ना!" घाबरतेस कशाला, मी आहे ना. त्या "मी आहे ना" वर मी गेले.

मार्च महिना होता. एका शाळेच्या वर्गांत शिबिर भरलं होतं. बाकं भिंतीला लावून खाली सतरंज्या घातल्या होत्या. नर्सबाईनं गुजराती कागद पुढे केला. गुजराती अक्षरं आपल्यासारखीच असतात, फक्त डोक्यावर पदर नसतो. दोन-चार अक्षरं ओळखीची वाटली, बाकीची नाही. इतर बायका अंगठा लावत होत्या. मी म्हटलं, मला सही येते. नर्सबाई "वाह बेन" म्हणाली. मी पूर्ण नाव लिहिलं, नवऱ्याच्या नावासकट, सावकाश.

शुद्ध आली तेव्हा बेंबीपाशी टाका होता. परत येताना रिक्षात मी मावशीला विचारलं, "तांबीला इथं टाका कशाला?" ती बाहेर बघत होती. "आता नवीन पद्धत आहे," ती म्हणाली. मावशी हळू आवाजात बोललेली मी पहिल्यांदा ऐकली. तेव्हा त्याचा अर्थ मला लागला नाही.

तीन वर्षांनी नवरा म्हणाला, पोरगी एकटी आहे, तिला भाऊ-बहीण काहीतरी हवं. मी तांबी काढायला दुसऱ्या दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि म्हणाल्या, "कसली तांबी? तुमचं तर ऑपरेशन झालंय." मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तिसऱ्या दिवशी त्यानं एवढंच विचारलं, "सही तू केलीस?"

मी मावशीकडे भांडायला गेले नाही. मला भांडता येत नाही. तीच आली, उंबऱ्यात बसली, कपाळावर हात मारून म्हणाली, "डॉक्टरनं फसवलं गं आपल्याला!" आपल्याला म्हणाली. मला तेवढाच आधार वाटला.

त्या दिवसापासून मावशीनं केस नेणं बंद केलं आणि तिला लोकसभेचा नाद लागला. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडे टीव्ही होता. त्यावर सकाळी खासदार प्रश्न विचारताना दाखवत. मावशी पावशेर साखर घ्यायला जायची आणि तासभर उभी राहायची. येऊन सांगायची, "तिथं एक माणूस उठून उभा राहिला की प्रश्न उठतो. आणि प्रश्न उठला की मंत्र्याला उत्तर द्यावंच लागतं. आपल्या नवऱ्यांसारखं नाही, मुकाट जेवले आणि चालले."

आपला प्रश्नही तिथं उठवायचा, असं तिनं ठरवलं. शोधलं तर गल्लीत माझ्यासारख्या आणखी चौघी निघाल्या. अर्ज मी लिहिला. मराठीत लिहिला, खासदाराच्या ऑफिसातल्या कारकुनानं हिंदीत केला. मावशी त्या ऑफिसात इतके महिने खेटे घालत होती की शिपाई तिला पाहून म्हणायचा, "आ गई पार्लामेंट." ती म्हणायची, "हो रे बाबा, चहा सांग."

एक दिवस सिंहाचं चित्र असलेलं पाकीट आलं. मावशी धावत माझ्या घरी आली. मी मजुरीवर आणलेल्या साड्यांचे लोंबते धागे कापत बसले होते. ढीग बाजूला सारला. आत छापलेला कागद होता, हिंदीत. वर लिहिलं होतं, जनसंख्या और टिकाऊ विकास.

"टिकाऊ म्हणजे?" मावशीनं विचारलं.

"धुतल्यावर रंग जात नाही ते," मी म्हटलं. साडीच्या खोक्यावर तसंच असतं.

"मग आपण गं?"

"आपण कटपीस."

ती इतकी हसली की तिला ठसका लागला. आम्ही दोघी एकत्र हसलो ते शेवटचं.

खाली प्रश्न होता: सुरतच्या कामगार वस्तीत स्त्रियांना न सांगता ऑपरेशनं केली गेली काय, आणि असेल तर सरकारनं काय केलं. त्याखाली उत्तर. (क) जी नहीं. सभी मामलों में लिखित सहमति ली गई है. (ख) प्रश्न नहीं उठता.

मी चौथीच्या अकलेनं अर्थ लावला. सगळे सहमत झाले आणि प्रश्न कोणी उठवलाच नाही. मावशीला सांगितलं, "आपला माणूस उभाच राहिला नाही." तिचा चेहरा लाल झाला. "मत मागायला बरा उभा राहतो!" तिनं चप्पल घातली आणि मला हाताला धरून ऑफिसात नेलं.

तिथं तिनं कारकुनाला असं झापलं की बाहेरची माणसं आत आली. कारकुनानं सगळं ऐकून घेतलं, कागद वाचला आणि तो हसायला लागला. "मावशी, सवाल तो उठा था. साहब खड़े भी हुए थे. ये तो जवाब है. जब ऐसा कुछ हुआ ही नहीं, तो आगे पूछने को क्या रहा? इसको बोलते हैं, प्रश्न नहीं उठता." मग त्यानं वरच्या ओळीवर बोट ठेवलं. "लिखित सहमति. मतलब इनके दस्तखत हैं." आणि माझ्याकडे पाहिलं.

एवढी मोठी लोकसभा, आणि तिच्यापाशी उत्तर म्हणून माझी सही होती. आयुष्यात शाळेबाहेर केलेली पहिली सही.

आम्ही चालतच परत निघालो. खाडीच्या पुलावर मावशी थांबली. खाली मिलचं जांभळं पाणी वाहत होतं. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्या दिवशी यादीत सहा केस कमी होत्या. मार्च संपत आला होता, वर्षाचा आकडा भरायचा होता. डॉक्टर नर्सला म्हणाले, तांबीवाल्याही यात घ्या. मी दाराशी बसले होते. ऐकलं मी."

"मग?"

"मग काय. उठले नाही मी."

माझ्या जागी कोणी शिव्या दिल्या असत्या, कोणी ढकललं असतं. मी पुढे चालायला लागले आणि ती मागून येत राहिली. घरापर्यंत आमच्यात दहा पावलांचं अंतर होतं.

पुढच्या आठवड्यात तिनं आपली सोन्याची पोत विकली आणि पैसे माझ्या नवऱ्याच्या हातात ठेवले. खाजगी दवाखान्यात नळ्या पुन्हा जोडतात, असं तिला कोणीतरी सांगितलं होतं. नवऱ्यानं घेतले. मीही गेले, कारण मला मूल हवं होतं. पोट दुसऱ्यांदा फाडलं. वर्षभर मी तारखा मोजल्या. दर महिन्याला तारीख आली. मग डॉक्टर म्हणाले, आता आशा ठेवू नका.

तेव्हा मी ठरवलं, तिचे पैसे परत करायचे. नवरा म्हणाला, "वेडी आहेस का? तिनं आपलं एवढं वाटोळं केलं आणि तू तिलाच पैसे देणार?" त्याला समजावता आलं नाही. पैसे ठेवून घेतले असते तर फिटाफिट झाली असती. मला फिटाफिट नको होती.

साडीमागे मिळणाऱ्या धाग्याच्या पैशांतून मी दर महिन्याला तिच्या दारात जाऊन रक्कम ठेवायची. ती हात मागे घ्यायची. "नको व माय. मन्हं पाप फिटी जाऊ दे." मी नोटा उंबऱ्यावर ठेवून, वर खडा ठेवून निघायची. असं अडीच वर्षं चाललं. ती वाळत गेली. नळावर तिनं कोणाचीही तारीख सांगणं सोडलं. आम्ही दिसलो की माझ्या मुलीच्या डोक्यावरून हात फिरवायची आणि माझ्याकडे बघायची. मी हंडा भरून निघून जायची.

मग गुडघे गेले आणि ती कायमची गावी जायला निघाली. मला कळलं तेव्हा रिक्षा दारात उभी होती. शेवटचा हप्ता राहिला होता. शेजारणीकडून थोडे घेऊन मी रक्कम पुरी केली आणि गेले. मावशी बोचकं मांडीवर घेऊन रिक्षात बसली होती. मला पाहून तिला वाटलं, मी निरोपाला आले. तिनं दोन्ही हात पुढे केले.

मी त्या हातांत नोटा ठेवल्या. तिनं त्या तशाच मुठीत धरल्या.

"मोज," मी म्हटलं.

"पोरी..."

"मोज, मावशी."

तिनं एकेक नोट मोजली. पुरे होते.