अर्ध्या सिनेमांचा क्रम

तंजावरच्या राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत व्हिडिओ नवाच आला होता. परदेशातल्या मोठ्या पुरस्काराचं नामांकन मिळालेले पाच सिनेमे आम्ही बायकांनी एकेका दुपारी आमच्या घरी पाहिले. शेजारची अक्का प्रत्येक सिनेमा अर्ध्यावर सोडून उठायची, कारण अंथरुणाला खिळलेले तिचे सासरे तेव्हा जागे होत. तरी कोणता पहिला, कोणता दुसरा असा क्रम लावताना तिचाच आवाज मोठा. उरलेली गोष्ट ती फिल्टरची कापी गाळता गाळता, डोळे अर्धवट मिटून, स्वतःच रचायची. तिच्या शेवटांत नदी असायची, होडी असायची, आणि आम्हाला तेच खरं वाटायचं.

घर सोडून निघालेल्या बाईचा सिनेमा तिने क्रमात पहिला लावला होता. एकदा मी म्हणाले, “अक्का, आज तुझ्या मामंजींजवळ मी बसते. तू आमच्याकडे जाऊन तो पुरता बघ.”

ती परतली तेव्हा उन्हं कलली होती. ती उंबऱ्यावरच टेकली.

“कसा होता?”

“चांगला होता. पण ती बाई घरी परत जाते गे,” ती हळूच म्हणाली. “मी तिला कधीच परत पाठवली नव्हती.”

आता तो कितवा, हे मी विचारलं नाही. तिने आत जाऊन सासऱ्यांची कूस बदलली.