नोंद कर्नलनं घेतली का?

"दिली म्हणू नकोस. घेतली का, ते सांग." टेबलावर बोट आपटत काका हे दिवसातून दहादा म्हणत आणि माझं डोकं फिरे.

नागपूरचे काका, नात्यानं नव्हे, वयानं, अमेरिकेतल्या पिस्कॅटवेच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसत. गिऱ्हाइकाच्या फायली कोणी उघडायच्या, हे आमचा प्रोग्राम ठरवायचा. प्रत्येक बदलाआधी, तो कोण करतंय याची नोंद कर्नलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे सोपवायची. मग ती कोणालाही पुसता येत नाही. कर्नलनं नोंद नाकारली, तर प्रोग्रामनं तिथंच थांबायचं, हा काकांचा नियम.

असा एखादा माणूस तुम्हालाही भेटला असेल. व्हॉट्सअ‍ॅप पाठवून लगेच फोन करायचा, "मेसेज पोचला ना बाप्पा?" काकूंनी दिलेला सांबारवडीचा, म्हणजे कोथिंबिरीच्या वडीचा, डबा मी "मिळाला" म्हणेपर्यंत काका हातातून सोडत नसत.

एका आठवड्यात कर्नलनं वैताग आणला. मधूनच एखादी नोंद परत यायची आणि सगळं ठप्प. शुक्रवारी रिलीज, आणि काका मुलीच्या ग्रॅज्युएशनसाठी मिशिगनला. "यार, हे काका ना!" म्हणत मी तो नियमच काढून टाकला. नोंद नाकारली गेली तरी प्रोग्राम पुढे जाऊ लागला. रिलीज वेळेवर झालं, मला शाबासकीही मिळाली.

महिन्याभरानं एका गिऱ्हाइकाच्या खासगी फायली सगळ्यांना खुल्या झालेल्या सापडल्या. त्या ज्या दिवशी खुल्या झाल्या, त्या दिवशी ड्यूटी काकांची होती.

"मी नाही केलं. नोंद बघा ना," काका निर्धास्तपणे म्हणाले.

नोंद नव्हती. दोन दिवस शोधून त्यांचं तोंड उतरलं, तेव्हा मी त्यांच्याजवळ आणि मॅनेजरजवळ कबूल केलं.

"रेकॉर्ड तुझ्यामुळे गेलं, मान्य," मॅनेजर म्हणाला. "पण त्यांनी केलं नाही, हे आता प्रूव्ह कसं करणार?"

मला नुसती समज मिळाली. काकांची नोकरी गेली. व्हिसावरचा माणूस, साठ दिवसांत दुसरी शोधा, नाहीतर वीस वर्षांचा संसार आवरा. माझी मलाच इतकी चीड कधी आली नव्हती.

त्यांच्या शेवटच्या दिवशी मी तो नियम परत घातला. त्या प्रकरणापासून दुसऱ्यानं तपासल्याशिवाय आमच्याकडे काही पुढे जात नाही. काकांनी ओळ न् ओळ वाचली, एक चूक काढली, ती दुरुस्त करून घेतली आणि मंजुरी दिली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तो नियम आजही चालतो. मंजुरीपुढे काकांचं नाव आहे. त्यावर क्लिक केलं, की स्क्रीनवर येतं, "असा कोणी कर्मचारी नाही."