सत्त्याऐंशी मार्कांचं कॉलेज

वाचनालयाची लांबी मी पावलांनी मोजत होतो. एकतीस पावलं भरली. मागून शोभा, नुकतीच दहावी पास झालेली माझी विद्यार्थिनी, मी सांगेन तो आकडा वहीत लिहून घेत होती. तिच्या मागे तिचे वडील गुलाबराव, टोपी हातात धरून. कॉलेज वर्ध्यातलं होतं. नाव सांगत नाही.

मी समुद्रपूरच्या शाळेत गणित शिकवायचो. दहावीनंतरची ज्युनियर कॉलेजं तेव्हा नवीनच निघाली होती. कोणत्या मुलाने कुठे जावं हे सांगायला शाळेत एक ‘करिअर मास्टर’ नेमा, असं वरून पत्र आलं. नागपूरला दहा दिवसांचं ट्रेनिंग होतं. हेडमास्तरांनी मला पाठवलं, कारण बाकीच्यांच्या घरी लग्नं होती. अकराव्या दिवशी मी तज्ज्ञ होऊन परतलो.

येताना एक तक्ता आणला होता. इमारत, प्रयोगशाळा, वाचनालय, मैदान, वसतिगृह, सगळ्याला मिळून शंभर मार्क. कॉलेज विद्यार्थ्याची परीक्षा घेतं, आपण आधी कॉलेजची घ्यायची, हे वाक्य मी स्टाफरूममध्ये आठवडाभर ऐकवत होतो. लोक चहा घेऊन उठून जायला लागले, तेव्हा थांबलो.

शोभा शाळेत पहिली आली होती. तिला सायन्सला जायचं होतं. घरी मात्र स्थळं पाहणं सुरू झालं होतं. गुलाबराव शेतकरी माणूस. ते मला म्हणाले, “सर, मले त्यातलं काई समजत नाई. तुमी म्हणसान तिथं टाकतो. पण एकदाच. पोरगी वापस आली, तर मंग घरीच राहीन.”

आधी आम्ही हिंगणघाटचं एक कॉलेज पाहिलं. सायन्सचे वर्ग टिनाच्या शेडमध्ये. प्रयोगशाळेत ॲसिडचा वास, टेबलांवर जळके डाग, कोपऱ्यातल्या टोपलीत फुटक्या काचा. उमाटे नावाचे सर बारावीच्या मुलांचं प्रॅक्टिकल घेत होते. त्यांनी शोभाच्या हातात पिपेट, म्हणजे औषध मोजून घ्यायची काचेची नळी, दिली आणि करून बघ म्हणाले. ती तिथे अर्धा तास रमली. मी तोवर शेड मोजून घेतली. बावन्न मार्क.

वर्ध्याचं कॉलेज दुमजली. प्रयोगशाळेत काचेची कपाटं, आत नवंकोरं सामान. प्राचार्यांनी आम्हाला चहा पाजला. शोभाने मला हळूच विचारलं, “सर, इथं प्रॅक्टिकल कोण घेते?” पाहुणे म्हणून आल्यावर असलं काही विचारू नये, असं मी तिला सांगितलं. शिवाय तक्त्यात तो रकाना नव्हता. सत्त्याऐंशी मार्क झाले. ॲडमिशन झाली, वसतिगृहात जागाही मिळाली.

पोळ्याच्या सुमारास तिचं पोस्टकार्ड आलं. प्रयोगशाळा अजून उघडली नव्हती. मी तिला धीर धरण्यावर दोन पानी पत्र लिहिलं. चांगलं उतरलं होतं. पंधरा दिवसांनी दुसरं कार्ड आलं. त्यात एकच ओळ होती: ‘सर, कपाटाची किल्ली कोणापाशीच नाही.’

मी रजा टाकून वर्ध्याला गेलो. तिथल्या क्लार्कने काही लपवलं नाही. फिजिक्स आणि केमिस्ट्रीच्या दोन्ही जागा रिकाम्या होत्या. सामान इन्स्पेक्शनपुरतं आणलेलं. परीक्षा जवळ आली की मुलं मागच्या वर्षीच्या वह्या पाहून प्रयोगवही उतरवून काढतात, असं तो म्हणाला, आणि मला बसायला खुर्ची दिली. मला तिची गरज होतीच.

तिथून हिंगणघाटची बस धरली. उमाटे सरांनी मला लगेच ओळखलं. शेड मोजणारे ना, म्हणाले. मी हो म्हटलं. त्यांच्याकडचा एक मुलगा कॉलेज सोडून गेला होता, त्याची जागा आठवडाभरच रिकामी राहणार होती. वडिलांची सही हवी होती.

गुलाबराव कपाशीतलं तण काढायला बैलांचा डवरा हाकत होते. बसमध्ये मी बरीच प्रस्तावना तयार केली होती. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, पोचलो तेव्हा त्यातलं एक वाक्य आठवेना. ‘चूक माझी झाली,’ एवढंच म्हणालो आणि जे पाहिलं ते सांगितलं. त्यांनी बैल थांबवले.

“पोरगी दोन खेपा सांगून गेली, तिथं काई शिकोत नाई म्हणून,” ते म्हणाले. “मी तिलेच रागावलो. म्हटलं, सरांनी मोजून देल्लेलं कॉलेज हाय, तूच कामचोर हायेस.”

मी पिशवीतून हिंगणघाटच्या कॉलेजचा अर्ज काढला. त्यांनी हात धोतराला पुसले.

“कुठी सही करू? अन् तिले सांगजा, बापाचं चुकलं म्हणून.”

मला ते एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर परतीचा रस्ता सोपा गेला असता. मी त्यांचा निरोप शोभाला दिला आणि माझ्या चुकीचंही सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि मागे राहिलेले प्रयोग रविवारी करू देतील का, एवढंच विचारलं. उमाटे सरांनी करू दिले.

बारावीला ती फर्स्ट क्लासमध्ये पास झाली. पुढे बी.एस्सी. केलं आणि पुलगावकडच्या एका शाळेत सायन्स शिकवायला लागली. हेडमास्तरांनी शाळेच्या वार्षिक अहवालात लिहिलं, ‘आमच्या करिअर मास्टरांच्या अचूक मार्गदर्शनामुळे.’ छापण्याआधी अहवाल तपासायला माझ्याकडेच आला होता. मी त्यातल्या ऱ्हस्वदीर्घाच्या चार चुका काढल्या आणि ते वाक्य तसंच ठेवलं. मार्गदर्शन करणाऱ्याची एक सोय असते. विद्यार्थी हुशार निघाला, की आपल्या चुकासुद्धा मार्गदर्शनातच धरल्या जातात.