शरदभाऊजींचं बोलणं आणि माझं तोंड

सत्तरच्या दशकात सोलापुरात आमच्या घरी बोलणं ओळखणारं एक यंत्र होतं. ते म्हणजे मी.

माझे धाकटे दीर शरदभाऊजी यांचा टाळू जन्मतःच फाटलेला. लहानपणी शिवला होता, पण बोलणं नाकातून यायचं आणि निम्मे शब्द वाटेतच विरायचे. कुर्डुवाडीला रेल्वेच्या वर्कशॉपात नोकरीला, चांगला हुशार माणूस. पण घरात त्यांचं वाक्य पुरतं ऐकायचा धीर कुणाला नव्हता. मी लग्न होऊन आले आणि वर्षभरात मला त्यांचं सगळं कळायला लागलं. झालं! भाऊजींनी तोंड उघडलं की सासूबाईंची मान माझ्याकडे. "काय म्हणतोय गं?" की मी सांगायची. पुढे पुढे तर त्यांचं अर्ध्यावर असतानाच सांगायची. (वेळ वाचायचा. कुणाचा, ते विचारू नका.)

मी बाळंतपणाला माहेरी करमाळ्याला निघाले तेव्हा घरात हाहाकार. "आता शरदचं कसं व्हायचं?" आमच्या ह्यांनी नुकताच टेपरेकॉर्डर घेतला होता. "टेप करून ठेवू की!" म्हणाले. भाऊजींनी एकेक वाक्य बोलायचं, लगेच मी त्याचा अर्थ सांगायचा. पुढे ते काही बोलले की कॅसेट फिरवून जुळणारं वाक्य शोधायचं. एकदम शास्त्रीय! भाऊजींनी पाणी मागितलं की हे कॅसेट पुढे पळवायचे, सासूबाई ओरडायच्या, "मागं घे, मागं घे!" तोवर भाऊजी उठून, पाणी पिऊन, पेला विसळून पालथा घालून मोकळे!

मला मुलगा झाला. बारशाला सगळे करमाळ्याला आले आणि त्याच दुपारी आमच्या शेजारची सुमन भाऊजींना दाखवायचं ठरलं. सुमन बालवाडीत शिकवायची. आधीच्या ठिकाणी भाऊजींचा आवाज ऐकून लोक चहा अर्धा टाकून उठले होते. या वेळी ते नवा शर्ट घालून, आरशासमोर बोलायचा सराव करून आले होते.

बैठक आमच्याच ओसरीवर. मी आतल्या खोलीत बाजेवर, खाली शेगडी, कानांवरून फडकं घट्ट बांधलेलं. दाराशी आई राखणीला.

सुमन पोहे घेऊन आली. भाऊजी तिला काहीतरी म्हणाले ("तुम्ही पण घ्या," इतकंच!) आणि आमच्या ह्यांनी तत्परतेनं सोबत आणलेल्या टेपरेकॉर्डरचं बटण दाबलं. ओसरीभर माझा खणखणीत आवाज, "म्हणतायत, मीठ पार विसरलंय!"

सुमनच्या आईच्या हातातला तांब्या कलंडला.

"बंद करा ते!" मी आतून ओरडले आणि कानावरचं फडकं ओढून काढलं.

"अगं, कान उघडं टाकू नगंस, वारं शिरंल!" आई म्हणाली. "बाळंतीण हायस, गप पड की!"

"पड काय? तिकडं लग्न मोडतंय!"

ह्यांनी टेप बंद केला. आणि भाऊजी बोलायला लागले. सावकाश, एकेक शब्द जपून.

"तुम्हाला... माझं बोलणं..."

पुढचं मला ठाऊक होतं. "तुम्हाला माझं बोलणं कळतंय का? नसेल तर पुन्हा सांगतो." दाराच्या फटीतून सुमन दिसत होती. ती मान वर करून सरळ त्यांच्याकडे बघत होती. पण माझ्यातलं यंत्र कुठं थांबतंय! म्हटलं, नमनालाच असला प्रश्न नको, जरा गोड करून सांगावं.

"म्हणतायत, मुलगी पसंत आहे!" मी खोलीतून ठणकावलं.

सगळी ओसरी हसली. सुमन लाजेनं लाल होऊन घरी पळाली. भाऊजींचं तोंड उघडं होतं, ते त्यांनी मिटलं.

संध्याकाळी सुमन खिडकीशी आली. "अक्का, माझं न्हाय म्हणून सांग."

"का गं? त्यांचं बोलणं कळलं नाही म्हणून?"

"समदं कळलं की! बालवाडीतली पोरं लई बोबडी बोलत्यात, माझं काय अडतंय? पण त्येंनी इचारलं मला आन् बोललीस तू. उद्या संसार माझा, आन् मधी तू."

"अगं, तसं नाही, मी समजावते ना त्यांना, मी सांगते, की..."

"बघ!" ती म्हणाली आणि गेली.

सुमनचा नकार कानावर गेल्यावर, परतायच्या वेळी भाऊजी बाळाला बघायला दाराशी आले. बाळाच्या मुठीत बोट दिलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "पुढच्या खेपेला मला बोलू द्या, वहिनी."

सवयीनं सासूबाईंची मान माझ्याकडे वळली. "काय म्हणतोय गं?"

"म्हणतायत..." मी बाळाचं दुपटं सारखं केलं. "बाळ अगदी त्यांच्यावरच गेलंय."

भाऊजी हसले आणि बाहेर जाऊन टांग्यात बसले.

पुढची खेप काही आली नाही. भाऊजी कुर्डुवाडीलाच खोली घेऊन राहिले, एकटे. तिथं म्हणे त्यांच्या बोलण्यावाचून कुणाचं अडत नाही. वर्कशॉपातले लोक सरळ त्यांनाच विचारतात, आणि कळेपर्यंत थांबतात. इकडे सासूबाई जाईपर्यंत मला विचारत राहिल्या, "शरदनं पुन्हा लग्नाचं नाव का काढलं नाही गं?" साऱ्या गल्लीत बोलकी म्हणून माझी ख्याती, पण तेवढ्या एका प्रश्नाला माझ्या तोंडून कधी धड शब्द फुटला नाही!